सीटी अँजिओग्राफीत ६० टक्के अडथळा दिसला; मग स्ट्रेस सीटी परफ्यूजन कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय साठीच्या पुढे. जिना चढताना छातीवर दडपण येतं, थांबलं की दोन-तीन मिनिटांत उतरतं. सीटी अँजिओग्राफीत एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मुख्य धमनीत, सुमारे ६० टक्के अडथळा आणि बरंच कॅल्शियम निघालं. आता डॉक्टरांनी स्ट्रेस सीटी परफ्यूजन, म्हणजे औषधाने ताण देऊन हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोहोचतं ते सीटीवर पाहणं, सुचवलंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: एक सीटी झालेली असताना दुसरी कशाला, तिच्यावर भरवसा किती ठेवायचा, आणि तिच्यात रक्तपुरवठा कमी दिसला तर स्टेंट ठरलेलाच का.

हृदयाचे सीटी वाचणं हे माझं रोजचं काम. म्हणून तिन्हींची उत्तरं सविस्तर देतो, कारण ही तपासणी चांगली असली तरी ती नीट केली आणि नीट वाचली तरच चांगली.

पहिल्या सीटीने धमनीची आतली पोकळी दाखवली. ती पोकळी कुठे किती अरुंद झाली, भिंतीत कॅल्शियम किती, मऊ चरबीचा थर किती, हे तिच्यातून उत्तम कळतं. पण अडथळ्याच्या पुढे असलेल्या स्नायूला रक्त पुरतंय की नाही, हे अरुंदपणाच्या टक्क्यांवरून ठरत नाही. लान्स गुल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांच्या धमन्यांवर केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट दाखवलं. विश्रांतीत असताना धमनीचा व्यास ८५ टक्क्यांच्या आसपास आवळला जाईपर्यंत रक्तप्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो. कारण पुढच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि कमतरता भरून काढतात. पण प्रवाह कमाल पातळीला नेला, तर ती कमाल पातळी ५० टक्क्यांच्या आसपासच खाली आलेली असते. म्हणजे ५० ते ८५ टक्क्यांच्या मधला अडथळा बसल्या जागी बहुधा गप्प असतो आणि श्रम पडले की बोलतो. तुमचे वडील नेमके या पट्ट्यात आहेत.

या मधल्या पट्ट्यात डोळ्यांचा अंदाज किती चुकतो, तेही मोजलं गेलंय. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेम या अभ्यासात रुग्णांच्या एका गटात धमनीत दाबमापक तार घालून प्रत्येक अडथळ्याचा एफएफआर काढला होता. अडथळ्याच्या पुढचा दाब आणि मागचा दाब यांचं ते गुणोत्तर; ०.८० किंवा कमी आलं तर अडथळा रक्त अडवतोय असं धरतात. त्याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात असं दिसलं, की डोळ्यांनी ५० ते ७० टक्के म्हटलेल्या अडथळ्यांपैकी फक्त ३५ टक्के खरोखर रक्त अडवत होते. ७१ ते ९० टक्के म्हटलेल्यांपैकी ८० टक्के, आणि ९० च्या वरचे जवळजवळ सगळे. हे आकडे नेहमीच्या अँजिओग्राफीतले आहेत. सीटीत परिस्थिती आणखी अवघड, कारण कॅल्शियम सीटीवर मूळ आकारापेक्षा फुगून दिसतं आणि अडथळा आहे त्याहून मोठा वाटतो. म्हणून वडिलांच्या रिपोर्टमधले ६० टक्के प्रत्यक्षात ४५ असू शकतात. ते ६० च असले तरी दोषी असतीलच असंही नाही. दुसरी तपासणी मागण्यामागे हे कारण आहे आणि ते योग्य आहे.

आता परफ्यूजन म्हणजे काय पाहतो आपण. हृदयाचा स्नायू विश्रांतीतही रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेतो. शरीरातल्या इतर अवयवांकडे जास्त प्राणवायू ओढून घेण्याची जी मुभा असते, ती हृदयाकडे फारशी नसते. काम वाढलं की त्याला जास्त रक्तच लागतं, निरोगी हृदयात विश्रांतीच्या तीन-चार पट. मुख्य धमन्या हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात आणि फांद्या स्नायूत आत शिरतात. सर्वात आतला थर या वाटेच्या टोकाला असतो, शिवाय हृदय आवळतं तेव्हा सर्वात जास्त दाबही त्याच्यावर येतो. पाटाला पाणी कमी आलं की टेलचं शेत आधी सुकतं, तसा रक्त कमी पडल्यावर हा आतला थर आधी उपाशी राहतो. सीटी परफ्यूजन वाचताना आमची नजर सर्वात आधी तिथे जाते.

तपासणीचं तत्त्व सोपं आहे. शिरेतून आयोडीनयुक्त डाय वेगाने देतात. डाय पहिल्यांदा हृदयाच्या स्नायूतून जात असताना स्कॅन करतात. जिथे रक्त भरपूर पोहोचतं तिथे डायही भरपूर, स्नायू उजळ दिसतो. जिथे कमी पोहोचतं तो भाग काळसर. हे औषधाने रक्तवाहिन्या पूर्ण सैल करून पाहिलं की स्ट्रेस स्कॅन, आणि औषधाशिवाय पाहिलं की रेस्ट स्कॅन. स्ट्रेसमध्ये काळा आणि रेस्टमध्ये उजळ असलेला भाग म्हणजे जिवंत पण श्रमात उपाशी राहणारा स्नायू. दोन्हींत काळा असेल तर तिथे जुन्या हार्ट अटॅकचा व्रण असण्याची शक्यता मोठी. व्रण जुना असेल तर भिंत पातळ झालेली असते, कधी तिच्यात चरबी साठलेली दिसते, आणि डाय नसतानाही ती ओळखता येते.

इथे एक उपयोगाची गोष्ट. पहिल्या सीटी अँजिओग्राफीत वडिलांच्या हृदयाचा स्नायूही टिपला गेलाय. तोच डेटा रेस्ट स्कॅन म्हणून वापरता येतो, जाड काप करून आणि उजळपणाची पट्टी बदलून पाहिला की झालं. म्हणून रिपोर्टचा कागद आणि निवडक फिल्म एवढंच न नेता पूर्ण डेटा असलेली सीडी किंवा पेन ड्राइव्ह केंद्रावर द्या आणि ‘रेस्टसाठी हा वापरता येईल का’ असं विचारा. बऱ्याचदा एक स्कॅन आणि एक डायचा डोस वाचतो. दोन तपासण्या वेगवेगळ्या दिवशी होण्याचा आणखी एक फायदा आहे. अँजिओग्राफीसाठी हृदयाचे ठोके कमी करायला बीटा ब्लॉकर देतात आणि धमन्या फुलवायला जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. स्नायूची उपासमार ही दोन्ही औषधं झाकू शकतात. त्यात आधीच्या स्कॅनचा डाय स्नायूत रेंगाळत असेल तर फरक आणखी पुसट होतो. एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर मधे किमान १० ते १५ मिनिटं जाऊ द्यावी लागतात, आणि काही केंद्रं याच कारणासाठी स्ट्रेस आधी करतात. वेगळ्या दिवशी हे सगळे प्रश्न मिटतात.

तपासणीच्या दिवशी काय होतं ते सांगतो. त्याची भीती उगाच जास्त असते.

आधीचे किमान १२ तास, आणि शक्य असेल तर २४ तास, चहा, कॉफी, कोला, चॉकलेट पूर्ण बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, तेही तपासून घ्या. हे पथ्य म्हणून सांगितलेलं नाही. ताण देण्यासाठी वापरलं जाणारं औषध, ॲडेनोसिन, ज्या जागी जाऊन रक्तवाहिन्या सैल करतं तीच जागा कॅफिन अडवून ठेवतं. मग औषध दिलं तरी स्ट्रेस होतच नाही, स्कॅन सुंदर येतो, सगळा स्नायू सारखा उजळ दिसतो आणि रिपोर्ट नॉर्मल जातो. सगळ्या चुकांत ही मला सर्वात जास्त खटकते, कारण ती चित्रात कुठेच दिसत नाही. एक कप चहा झाला असेल तर लाजू नका, स्पष्ट सांगा; तपासणी पुढे ढकलणं नेहमीच बरं. दम्यासाठी घेतलं जाणारं थिओफायलिनही असाच परिणाम करतं. बीटा ब्लॉकर किंवा नायट्रेटच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाही हे हृदयरोगतज्ज्ञ सांगतील. स्वतःहून त्या बंद करायच्या नाहीत.

दोन्ही हातांत सुया लावतात, एका बाजूने डाय आणि दुसऱ्या बाजूने ॲडेनोसिन. एकाच वाटेने दोन्ही दिलं तर वेगाने जाणारा डाय नळीतलं ॲडेनोसिन एकदम आत ढकलतो आणि हृदयाचे ठोके अडखळू शकतात. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम. किमान तीन मिनिटं ते चालू राहिल्यावर आणि चालू असतानाच स्कॅन घेतात. सोबत इसीजी आणि रक्तदाब सतत पाहतात. चेहरा तापतो, डोकं जड होतं, खोल श्वास घ्यावासा वाटतो, छातीवर दडपण येतं. वडिलांना हे आधी सांगून ठेवा: हे दडपण औषधाचं आहे, ते आलं म्हणजे ब्लॉकेज सिद्ध झालं असं नाही. ॲडेनोसिनचा रक्तातला टिकाव १० सेकंदांहूनही कमी. त्यामुळे औषध थांबवलं की एक-दोन मिनिटांत सगळं ओसरतं. काही ठिकाणी त्याऐवजी रेगाडेनोसॉन वापरतात, ते ०.४ मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन असतं, वजनाचा हिशेब नाही, पण परिणाम जास्त वेळ टिकतो. उतारा म्हणून ॲमिनोफायलिन हाताशी ठेवलेलं असतं.

दम्याचा त्रास सध्या चालू असेल, हृदयाच्या विद्युतवहनात दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीचा ब्लॉक असून पेसमेकर नसेल, वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल, तर ॲडेनोसिन द्यायचं नाही. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा आकडा, ३० च्या खाली असेल तर डायचा विचार दहादा करावा आणि शक्यतो दुसरी तपासणी निवडावी.

स्कॅन घेण्याच्या दोन पद्धती आहेत आणि रिपोर्ट समजायला त्यांतला फरक माहीत असलेला बरा. पहिली स्टॅटिक. डाय स्नायूत सर्वात जास्त उजळलेला असतो त्या क्षणी एकच चित्र टिपायचं. रेडिएशन कमी, श्वास थोडाच वेळ रोखायचा. अडचण अशी, की तो क्षण काही सेकंदांनी हुकला तर निरोगी आणि उपाशी स्नायूतला फरक विरून जातो, आणि ज्याचं हृदय हळू पंप करतं त्याच्यात तो हमखास हुकू शकतो. दुसरी डायनॅमिक. सुमारे ३० सेकंद एक-दोन ठोक्यांआड चित्रं घेत राहायचं. मग महाधमनीत डाय कसा चढला-उतरला आणि स्नायूत कसा चढला याचे दोन आलेख मिळतात, आणि त्यांवरून स्नायूच्या प्रत्येक भागातला रक्तप्रवाह आकड्यात काढता येतो.

आकड्याचा फायदा मोठा आहे. स्टॅटिक चित्रात आपण एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करतो. तिन्ही मुख्य धमन्यांत सारखाच आजार असेल तर सगळाच स्नायू सारखा मंद उजळतो, तुलनेला निरोगी भागच उरत नाही आणि आजार नजरेतून सुटतो. आकडा असेल तर सगळं मिळून कमी आहे हे कळतं. धमन्या स्वच्छ असून फक्त बारीक रक्तवाहिन्यांचा आजार असणारे रुग्णही असतात, स्त्रियांत हे जास्त दिसतं, आणि वर्षानुवर्षं ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकत ते दुखणं काढतात. त्यांच्यासाठीही हा आकडा मोलाचा आहे.

पण त्या आकड्याला कुठल्याही प्रयोगशाळेतल्या आकड्यासारखं वागवू नका. आयोडीनचा डाय केशवाहिन्यांतून स्नायूत पूर्णपणे उतरत नाही, आणि प्रवाह वाढला की उतरण्याचं प्रमाण आणखी घटतं. चित्रंही ठोक्याठोक्याला, म्हणजे विरळ घेतलेली असतात. त्यामुळे ताणाखाली सीटीतला प्रवाह पीईटी या अणुवैद्यकीय तपासणीतल्यापेक्षा बहुधा कमी येतो. यंत्र बदललं, गणिताची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. एका केंद्राची मर्यादा दुसऱ्या केंद्राच्या रिपोर्टला लावता येत नाही. मी स्वतः नुसत्या आकड्यापेक्षा, त्याच रुग्णाच्या सर्वात निरोगी भागाशी त्याचं गुणोत्तर किती येतं याला जास्त वजन देतो, आणि तिन्ही धमन्यांचा संशय असेल तेव्हाच मूळ आकड्याकडे वळतो.

आता भरवशाचा प्रश्न. या तपासणीचा कस लागतो तो खोट्या सावल्या ओळखण्यात.

एक्स-रेच्या झोतात कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. झोत दाट डायमधून किंवा हाडातून गेला की कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जातात, उरलेला झोत ‘कडक’ होतो, आणि यंत्राचं गणित फसून पलीकडचा भाग आहे त्यापेक्षा काळा दाखवतं. हृदयाचा डावा खालचा कप्पा डायने गच्च भरलेला, शेजारी उतरती महाधमनीही डायने भरलेली, मागे मणके. या सगळ्यांच्या मधे सापडते ती हृदयाची मागची-खालची भिंत, विशेषतः तिचा झडपांजवळचा भाग. तिथे काळी सावली दिसली की मी आधी संशय घेतो, नंतर विश्वास ठेवतो. दुसरी खोटी सावली हालचालीची. ॲडेनोसिनने ठोके वाढतात, श्वास हलतो, आणि भिंतीच्या कडेला काळा पट्टा उमटतो. त्याच्या शेजारी बहुधा तसाच उजळ पट्टाही असतो, त्यावरून तो पकडता येतो. अरुंद डिटेक्टरच्या यंत्रांवर हृदय दोन-तीन टप्प्यांत टिपावं लागतं; त्या टप्प्यांच्या सांध्यावर आडवी पट्टी येते. आणि हृदयाचं टोक मुळातच पातळ असतं, तिथला काळसरपणा पुष्कळदा नॉर्मल असतो.

खरा दोष, म्हणजे रक्तपुरवठ्याची खरी कमतरता, कशी ओळखायची? तो आतल्या थरातून सुरू होऊन बाहेर पसरतो. एखाद्या धमनीचा जो मुलूख असतो त्याच्या सीमेत तो राहतो, दोन धमन्यांच्या मुलखातून आडवा जात नाही. हृदयाच्या ठोक्याच्या एका टप्प्यात दिसला तर दुसऱ्या टप्प्यातही दिसतो. आणि त्या धमनीत तो घडवून आणेल असा अडथळा असतो. यांतली शेवटची कसोटी मला सर्वात महत्त्वाची वाटते, आणि सीटीची खरी ताकदही तिथेच आहे: धमनी आणि तिचा स्नायू एकाच तंत्राने, शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. धमनीकडे न बघता नुसतं परफ्यूजन वाचलं तर खोट्या सावल्या फसवतात. परफ्यूजन न पाहता नुसती धमनी वाचली तर कॅल्शियम फसवतं. कॅल्शियमने पोकळी झाकली गेली तरी पुढचा स्नायू झाकला जात नाही, म्हणून वडिलांच्या बाबतीत ही तपासणी विशेष उपयोगी आहे. जुना स्टेंट असलेल्या रुग्णालाही हेच लागू होतं.

अभ्यासांत ही जोडी किती टिकली? मोठा बहुकेंद्री अभ्यास म्हणजे कोअर-३२०, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात ३८१ रुग्णांची डिटेक्टरच्या ३२० रांगा असलेल्या सीटी यंत्रावर अँजिओग्राफी आणि परफ्यूजन दोन्ही झाली, आणि ताडून पाहिलं ते नेहमीची अँजिओग्राफी आणि स्पेक्ट या अणुवैद्यकीय तपासणीच्या जोडीशी. सीटीत ५० टक्क्यांवर अडथळा आणि सोबत परफ्यूजनचा दोष, अशी दुहेरी अट लावली तर संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ७४ टक्के आली. म्हणजे रक्त खरोखर अडलेल्या शंभरांपैकी सुमारे ८० सापडले, आणि अडलेलं नव्हतं अशा शंभरांपैकी सुमारे ७४ जणांना नीट बाजूला काढता आलं. तपासणी भक्कम आहे, अचूक नाही. त्यानंतर यंत्रं सुधारली, कडक झोताची दुरुस्ती करणारी गणितं सुधारली. पण चित्राचा दर्जा वाईट असेल तर कुठलंही गणित तो भरून काढत नाही.

रेडिएशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं. त्याचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. कोअर-३२० मध्ये सीटी अँजिओग्राफीला सुमारे ३ मिलिसिव्हर्ट, स्ट्रेस परफ्यूजनला सुमारे ५, आणि स्पेक्टला १० च्या जवळ लागले. डायनॅमिक पद्धतीला स्टॅटिकपेक्षा जास्त लागतात. तुलनेसाठी, निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. साठीच्या पुढच्या, लक्षणं असलेल्या माणसात या डोसची चिंता करून तपासणी टाळावी असं मला वाटत नाही. तिशीतल्या स्त्रीसाठी मी एमआरआयकडे झुकेन. एक सावधगिरी मात्र हवी: दोन केंद्रांनी सांगितलेले मिलिसिव्हर्ट थेट ताडून पाहू नका. यंत्र पूर्ण स्कॅनच्या डोसचा डीएलपी नावाचा आकडा देतं आणि त्याला एका गुणकाने गुणून मिलिसिव्हर्ट काढतात. जुना गुणक छातीसाठीचा ०.०१४, हृदयासाठी सुचवलेला नवा ०.०२६. डोस तोच असून कागदावर जवळजवळ दुप्पट दिसतो. तुलना करायची तर डीएलपीची करा.

याच प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या इतर तपासण्या आहेतच. एमआरआयमध्ये रेडिएशन नाही आणि व्रण फार सुंदर दिसतो. पीईटी रक्तप्रवाह मोजण्यात सर्वात पुढे. स्ट्रेस इको, म्हणजे ताण देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी, सहज उपलब्ध आणि हात चांगला असेल तर उत्तम. एफएफआर-सीटी ही आणखी एक वाट: झालेल्या सीटी अँजिओग्राफीवरूनच संगणक धमनीतला दाब काढतो. औषध नाही, नवा स्कॅन नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी तिला २०१४ मध्ये परवानगी दिली. पण मूळ चित्र स्वच्छ लागतं. वडिलांच्या धमनीत कॅल्शियम बरंच आहे, त्यामुळे तिथे ती अडू शकते, आणि स्नायू स्वतः कसा आहे हे ती सांगत नाही. तुमच्याजवळच्या केंद्रात यांपैकी जी तपासणी रोज होते आणि अनुभवी हातांनी वाचली जाते, ती निवडा. क्वचित होणाऱ्या सीटी परफ्यूजनपेक्षा रोज होणारी स्पेक्ट मी जास्त मानेन.

रिपोर्ट हाती आला की फक्त शेवटची ओळ वाचू नका. डाव्या खालच्या कप्प्याचे १७ भाग पाडायची एक सर्वमान्य पद्धत आहे. दोष त्यांतल्या किती भागांत आहे ते पाहा. तो आतल्या थरापुरता आहे की भिंतीच्या पूर्ण जाडीत, रेस्टमध्ये भरून येतो की तसाच राहतो, कोणत्या धमनीशी जुळतो, हे लिहिलेलं असावं. ॲडेनोसिन दिल्यावर ठोके आणि रक्तदाब किती बदलले तेही असावं. काहीच बदललं नसेल तर स्ट्रेस पुरेसा झाला का अशी शंका घ्यायला जागा आहे. आणि चित्राचा दर्जा कसा होता याचा प्रामाणिक उल्लेख हवा. यांतलं काही नसेल तर रेडिओलॉजिस्टना फोन करून विचारायला संकोच करू नका. आम्हाला असे प्रश्न आवडतात. रुग्णाची लक्षणं नीट कळली की पुष्कळदा आम्ही तीच चित्रं पुन्हा उघडून पाहतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. दोष निघाला तर स्टेंट ठरलेला का? नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, सगळे स्थिर, आणि स्ट्रेस तपासणीत मध्यम किंवा तीव्र दोष दिसलेले. अर्ध्यांना औषधांसोबत लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. अर्ध्यांना आधी फक्त औषधं. सरासरी तीनेक वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू, हार्ट अटॅक आणि तत्सम घटनांच्या एकत्र मोजणीत दोन्ही गटांत खात्रीचा फरक निघाला नाही. छातीत दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं, आणि ज्यांना वारंवार दुखत होतं त्यांना हा फायदा सर्वात जास्त जाणवला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाची ताकद फार कमी झालेले रुग्ण या अभ्यासात घेतले नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा.

हे वडिलांना लावून पाहू. परफ्यूजन नॉर्मल आलं आणि तपासणी चांगल्या दर्जाची असेल, तर त्या ६० टक्क्यांना स्टेंट लावायचं कारण उरत नाही. पण आजार नाही असा त्याचा अर्थ नव्हे. धमनीत चरबी आणि कॅल्शियम आहेच, त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, रक्तदाब आणि साखरेवर ताबा, तंबाखू पूर्ण बंद, हे आयुष्यभराचं. दडपण कशामुळे येतं याचा शोध मात्र चालू ठेवावा लागेल. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार किंवा धमनीचं आकुंचन यांचा विचार करावा. एलएडीच्या मुलखात एक-दोन भागांत आतल्या थरापुरता दोष निघाला, तर औषधं नीट मात्रेत सुरू करून काही आठवडे वाट पाहणं पूर्ण शास्त्रशुद्ध आहे. जिना चढता येऊ लागला तर तिथेच थांबता येतं. दोष मोठा असेल, अनेक भागांत पूर्ण जाडीचा असेल, एलएडीच्या सुरुवातीशीच अडथळा असेल, किंवा पुरेशी औषधं घेऊनही दुखणं रोजच्या आयुष्याच्या आड येत असेल, तर अँजिओग्राफी करून तिथेच एफएफआर मोजावा आणि मग स्टेंट की बायपास ते ठरवावं.

हे सगळं दुखण्याचा नमुना आज आहे तसा राहिला तरच. दडपण कमी श्रमात येऊ लागलं, विश्रांतीत किंवा झोपेतून उठवून आलं, पंधरा-वीस मिनिटं टिकलं, सोबत घाम सुटला किंवा दम लागला, तर परफ्यूजनच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्या अवस्थेत ही तपासणी करायचीही नसते. थेट आपत्कालीन विभाग गाठायचा आणि तिथे आल्याआल्या इसीजी काढायला सांगायचा.